आजचं चिंतन : गीता, अध्याय 4, श्लोक 36



आजच्या श्लोकात भगवंत ज्ञानाला नाव म्हणतात. सगळ्यात मोठा पापी असलास, तरी या नावेतून तरून जाशील, असं अर्जुनाला सांगतात. वाचलं आणि थेट गच्चीवरच्या शेडमध्ये गेलो. माझी नाव तिथेच उपडी ठेवलीय.

फुलचूरला घरीच प्लायवूडची कयाक बनवतोय. (तलावांच्या जिल्ह्यात एवढा हट्ट चालतो!) गेल्या आठवड्यात घाईघाईत व्हार्निशचा दुसरा हात मारला. पावसाळी हवा, पहिला हात आतून ओलाच. सगळं सुरकुतलं. शेजारचे सुतारकाका बघून म्हणाले, "हे सारं खरवडा लागते गा." मी तोडून बोललो, "काका, व्हिडिओ बघून करतोय मी." ते गप निघून गेले.

आज 36 वरून दोन श्लोक मागे गेलो. 34 व्यात ज्ञान कसं मिळवायचं ते आहे : नमस्कार करून, विचारून, सेवा करून. नावेच्या आधी हे येतं, आणि मी नेमकं तेच गाळलं. रोज इथे तुम्हाला नम्रतेवर लिहितो!

संध्याकाळी काकांच्या पाया पडलो. ते आले. पॉलिश पेपर लाकडाच्या रेषेनेच फिरवायचा. आडवे ओरखडे व्हार्निशखाली लपत नाहीत, उलट उठून दिसतात. पहिला हात टर्पेंटाइन घालून पातळ, म्हणजे लाकडात मुरतो. पूर्ण वाळला की हलकं घासायचं, धूळ पुसायची, मगच पुढचा.

दोघांनी मिळून अर्धी नाव खरवडली. उरलेली उद्या.