वेश उतरवायचा कोणी?

आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून सणसरकडे निघाली की वाटेत काटेवाडी लागते. तिथे परीट समाजाची मंडळी रस्त्यावर धोतरांच्या पायघड्या घालतात आणि पालखी त्यांवरून पुढे सरकते. कपड्याचा मळ काढणं हा ज्यांचा पिढीजात धंदा, तीच माणसं धुतलेलं पांढरं धोतर ऐन पावसाळ्यात रस्त्यावर पसरतात. मळलं म्हणून कोणी हळहळत नाही. तिथेच धनगरांच्या मेंढ्याही पालखीभोवती धावतात, तेही रिंगणच.

पुढे बेलवाडीला आणि नंतर इंदापूरला गोल रिंगण होतं. मोकळ्या मैदानात वारकऱ्यांचं कडं पडतं. आत पताकावाले धावतात, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया धावतात, विणेकरी आणि पखवाजवाले धावतात. मग दोन अश्व सुटतात. एकावर स्वार असतो. दुसरा देवाचा, तो सजवलेला, पण त्याच्या पाठीवर कोणी नाही. दौड संपली की टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. रंगभूमीच्या हिशेबाने पाहिलं तर हा अजब प्रयोग आहे: साज आहे, नट नाही, आणि तरीही भूमिका कोणाची याबद्दल एकाही प्रेक्षकाला शंका नाही.

वारकरी परंपरेत वेशाबद्दल तसा जुना संशय आहे. माळ, टिळा, भगवी छाटी, जटा आणि राख यांवर तुकोबांनी जितके कोरडे ओढले, तितके क्वचितच कोणी ओढले असतील. आत भाव नसेल तर वरचा साज म्हणजे पोट भरायचं सोंग, हा त्यांचा रोखठोक निवाडा. पण हीच परंपरा सोंगांनी गच्च भरलेलीही आहे. एकनाथांनी (१५३३–१५९९) भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी अशी कितीतरी सोंगं उभी केली. पैठणचा हा ब्राह्मण महाराच्या तोंडून जोहार घालतो. देव तर त्याहून पुढे. कथा सांगतात की तो श्रीखंड्या होऊन नाथांघरी पाणी भरत राहिला आणि दामाजीपंतांसाठी विठू महार होऊन बिदरच्या दरबारात धान्याचे पैसे भरून आला. या कथांत देव राजाचा किंवा महंताचा पोशाख निवडत नाही. ज्या वेशात काम करावं लागतं आणि मान मिळत नाही, नेमका तोच निवडतो.

मग वेश खोटा की खरा?

ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात याचं एक उत्तर सापडतं, आणि ते थेट बहुरूप्यांच्या खेळातून आलेलं आहे. बहुरूपी राजा-राणीचं सोंग आणतात. त्यांच्या मनात स्त्री-पुरुष असा भाव नसतो, पण लोकांपुढे भूमिका मात्र तंतोतंत वठवतात. ज्ञानी माणसाने संसारात असंच वागावं, असा तो दृष्टान्त. म्हणजे दोष वेशात नाही, वेशाला चिकटून बसणाऱ्या मनात आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देह हेच वस्त्र ठरतं आणि जीव जुनं टाकून नवं नेसतो. तिथेही भर नेसण्यावर कमी, टाकता येण्यावर जास्त.

या दृष्टान्ताची खरी कसोटी लागली ती सहाशेहून अधिक वर्षांनी, संगीत नाटकाच्या रंगपटात. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांनी १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत पाऊल ठेवलं आणि मराठी रंगभूमीवरची स्त्री कशी दिसावी हे पुढची पंचवीस-तीस वर्षं जणू एकट्याने ठरवलं. जरीचे भारी शालू, अस्सल दागिने, अत्तरांचा घमघमाट, रंगमंचावर उंची गालिचे. नाटकातलं खोटं खोटं त्यांना खपत नसे. प्रेक्षागृहातल्या घरंदाज बायका त्यांची नेसण, केसांची ठेवण, पदर सावरण्याची ढब डोळ्यांत साठवून घरी नेत. बाईने बाईसारखं कसं दिसावं याचा धडा एका पुरुषाकडून घेतला जात होता. १९१३ साली निघालेली गंधर्व नाटक मंडळी याच हौसेपायी कर्जात बुडत गेली, तरी शालूंची प्रत उतरली नाही.

‘मानापमान’चा पहिला प्रयोग मुंबईत १२ मार्च १९११ रोजी झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले. नाटकातली भामिनी स्वतःच वेश पालटते. श्रीमंताची ही मुलगी गरीब वनमाला होऊन धैर्यधराला पारखते. शोकाकुल बाप, त्यावर भामिनीचा शालू, त्यावर वनमालेचं साधं लुगडं, असे एकावर एक तीन थर त्या रात्री एका देहावर होते. बहुरूप्याच्या मनात भाव नसतो, हे ओवी वाचताना सहज पटतं. त्या रात्रीच्या बापाच्या मनात काय होतं, हे मात्र कोणत्याही अध्यायातून काढता येत नाही. पुढे १९१९ साली ‘एकच प्याला’ आलं. शालूंचा हा सम्राट सिंधू होऊन ठिगळाच्या लुगड्यात जात्याशी बसला आणि प्रेक्षक त्या ठिगळांवरही तितकेच भाळले.

युरोपातल्या बॅलेने वेशाकडून उलटंच काम करून घेतलं. १६५३ साली फ्रान्सचा चौदावा लुई सूर्याचा सोनेरी पोशाख घालून दरबारी बॅलेत नाचला, तेव्हा वेश सत्तेची द्वाही फिरवत होता. पण १२ मार्च १८३२ रोजी, म्हणजे ‘मानापमान’च्याच तारखेला, मारी ताल्योनी पॅरिसच्या ऑपेरात ‘ला सिल्फीद’मध्ये पायाच्या अंगठ्यांवर उभी राहिली. अंगात पांढऱ्या तलम कापडाचा घोळदार झगा. त्या झग्याचं काम देह दाखवण्याचं नव्हतं, त्याचं वजन नाहीसं करण्याचं होतं. नर्तकी म्हणजे मांसाचा गोळा नसून नुसता आत्मा, असा भास त्याने द्यायचा. पुढे पांढऱ्या झग्यांची लाटच आली. रंगमंचावर दिवे गॅसचे होते. अग्निरोधक द्रावणात बुडवलेले झगे तेव्हा उपलब्ध होते, पण ते कडक आणि मळकट दिसतात म्हणून एमा लिव्री या तरुण नर्तकीने ते नाकारले. १८६२ साली तालमीत तिच्या झग्याने पेट घेतला. पुढच्या वर्षी ती गेली. अशरीरी दिसण्याची किंमत शरीराने मोजली.

इथवर प्रश्न वेश घालणाऱ्याचाच आहे. तो मनाने वेगळा राहतो की नाही, वेश टाकतो की वेशात जळतो, एवढंच. पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात बालगंधर्वांनी एकनाथांची भूमिका केली. अस्पृश्याघरी जेवणारे, दुसऱ्यांची सोंगं घेऊन बोलणारे नाथ. म्हणजे वेशातून धर्म सांगणारा संत आणि वेशातून अमर झालेला नट यांची गाठ पडली होती. नटाने शालू उतरवला, पण समोरच्यांच्या डोळ्यांतून तो उतरेना. भामिनी आणि सिंधू पाहिलेल्यांना पडद्यावरचे नाथ रुचले नाहीत. प्रभातशी त्यांची भागीदारी टिकली नाही आणि रंगभूमीवर ते पुन्हा लुगड्यातच उभे राहिले.

ज्ञानदेवांच्या दृष्टान्तात बहुरूपी आहे आणि ज्यांच्यापुढे संपादणी करायची ते लोकही आहेत. आसक्तीचा हिशेब मात्र फक्त बहुरूप्याकडे मागितला आहे. लोकांनी वेशाला चिकटून राहू नये, अशी अट कोणी घातलेली नाही.

याची सर्वांत जास्त झळ तमाशातल्या बायकांना बसली. तमाशाचा खेळ गणाने उघडतो, मग गौळण येते; नाचणारी चाळ बांधण्याआधी ते कपाळाला लावते. देवाला स्मरूनच अंगावर नऊवारी चढते. पण बालगंधर्वांनी नेसलेला शालू घरंदाज बायकांसाठी नमुना ठरला आणि लावणी करणारीने नेसलेला तिच्यावरचा शिक्का. बारामतीहून पुण्याकडे जाताना दौंड तालुक्यातलं चौफुला लागतं, तिथली कलाकेंद्रं प्रसिद्ध आहेत; तिथे नाचणारी बाई दिवसा साध्या साडीत बाजाराला गेली तरी लोकांच्या नजरेत ती चाळ बांधूनच चालते.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांची एक हकीकत अजून सांगतात. दिवस भरलेले असताना त्या नाचायला उभ्या राहिल्या. मध्येच आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. पोट दिसेना तेव्हा प्रेक्षकांनी विचारलं आणि कळल्यावर त्यांनीच खेळ थांबवायला लावला. शिट्ट्या मारायला बसलेल्यांना त्या रात्री नाचीण दिसेनाशी झाली आणि बाळंतीण दिसली. वेश विठाबाईंनी उतरवला नव्हता, तो समोरच्यांनी उतरवला. एरवी मात्र असं घडलं नाही. शेवटच्या आजारात त्यांच्या दवाखान्याचं बिल देणग्यांतून भागवावं लागलं, आणि २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं.

इंदापूरच्या मैदानात मोकळ्या पाठीच्या घोड्यावर देव पाहणारे आणि फडाच्या कनातीत बसणारे लोक याच तालुक्यांतले आहेत, पुष्कळदा एकाच घरातले. दिसत नाही ते पाहण्याची नजर त्यांच्यापाशी आहे. ती तिकीट काढून आत शिरताना दाराशी का राहते, याचं उत्तर नटाकडे मागून भागणार नाही.