पोरगं पुढे काय होईल?

आदिलाबादमध्ये रात्री जागून मोबाईलवर युरोपातला फुटबॉल पाहणारी पोरं आता मोहल्ल्यामोहल्ल्यात आहेत. घरात मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात दखनी आणि फुटबॉलचा विषय निघाला की तिन्हींची मिसळ. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर पंचायत बसते आणि बहुतेक वेळा आरोपी असतो कर्णधार. तो वयाने लहान असला की मग विचारूच नका.

"फॉर्मच नाही राहिला राजा त्याचा."

"वय काय त्याचं? होईल दोन वर्षांत तयार."

"दोन वर्षांपासून हेच ऐकून राहिलो ना आपण. दंडावरची पट्टी काढून दुसऱ्याला द्या, आपोआप खेळते."

मला या पंचायती आवडतात. कापसाचा भाव, पावसाचा खंड, नोकरीच्या जाहिराती यांतून डोकं काढून चार पोरं एका खेळाडूच्या पासविषयी तासभर भांडतात, यात काही गैर नाही. उलट इतक्या बारकाईने एखाद्याचं काम पाहणं ही चांगलीच सवय आहे. माझी अडचण या भांडणाच्या उत्तरार्धाशी आहे. पूर्वार्ध फॉर्मचा असतो. काल काय झालं, चेंडू कुठे गमावला, कोणाला मोकळं सोडलं. ज्याने सामना पाहिला त्याला हे बोलायचा अधिकार आहे. उत्तरार्धात मात्र पोरगं पुढे काय होईल याचा निकाल लागतो. तिथे कोणी काहीच पाहिलेलं नसतं आणि तरी सगळ्यात ठाम आवाज तिथेच निघतात.

आर्सेनलचा मार्टिन ओडेगार्ड हे या पंचायतींचं कायमचं गिऱ्हाईक. ऑगस्ट २०१४ मध्ये तो नॉर्वेकडून पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तेव्हा पंधरा वर्षांचा होता. जानेवारी २०१५ मध्ये रेआल माद्रिदने त्याला घेतलं आणि जगाने त्याच्या पुढच्या वीस वर्षांचं गणित मांडून टाकलं. नंतरची वर्षं मात्र हेरेनवेन, व्हिटेस, रेआल सोसिएदाद अशा क्लबांत उसना म्हणून गेली. विशी गाठायच्या आत त्याच्या नावापुढे 'वाया गेला' असा शेरा बसला. मार्च २०२१ मध्ये तो नॉर्वेचा कर्णधार झाला, जुलै २०२२ मध्ये आर्सेनलचा. शेरे मारणाऱ्यांनी आपले शेरे परत घेतल्याचं काही ऐकिवात आलं नाही. ते पुढच्या पोराकडे वळले.

यातून 'धीर धरा, सगळं नीट होतं' असं सुचवायचं नाही मला. सगळं नीट होतंच असं नाही. त्यासाठी आपल्याच देशाचं उदाहरण पुरे आहे.

ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला. यजमान म्हणून आपला संघ पहिल्यांदाच फिफाच्या विश्वचषकात उतरला. एकवीस मुलांत आठ मणिपूरची होती. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव आघाडीला होता आणि अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडेही त्या चमूत होता. कर्णधार होता थौबलचा अमरजितसिंग कियाम. त्याचे वडील शेतकरी, आई इंफाळच्या बाजारात मासे विकणारी. त्याला कर्णधार कोणा साहेबाने नेमलं नव्हतं. प्रशिक्षक लुईस नॉर्टन द मातोस यांनी मुलांना मतदान करायला लावलं आणि मुलांनी अमरजितला निवडलं. माझ्या लेखी या पदाची यापेक्षा चोख रीत नाही.

त्या स्पर्धेतलं एक मिनिट मी पुनःपुन्हा पाहतो. ९ ऑक्टोबर, दिल्लीचं नेहरू स्टेडियम, समोर कोलंबिया. आपण एका गोलने मागे. ८२व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनने कॉर्नर मारला, जिक्सन सिंगने उंच उडी घेऊन डोकं लावलं आणि चेंडू जाळ्यात. फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. जिक्सन हा अमरजितचाच भाऊबंद. मुलं बेभान झाली, अख्खं स्टेडियम उभं राहिलं. खेळ पुन्हा सुरू झाला आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने गोल करून २-१ केलं. अजून आपला बचाव जागेवर आलेला नव्हता.

इथे प्रश्न विचारता येतो आणि विचारलाही पाहिजे. गोल झाल्यावर दहा जणांना हाताला धरून आपापल्या जागी परत न्यायचं काम कोणाचं? कर्णधाराचं. ते त्या मिनिटाला झालं नाही. ही टीका न्याय्य आहे, कारण ती एका कामावर आहे आणि ते काम उद्याच्या सामन्यात सुधारता येतं. पण त्या आठवड्यात आपण बोलत होतो ते वेगळंच. यांच्यातला कोण पुढचा सुनील छेत्री, कोण युरोपात जाणार, कोणाचं काही खरं नाही, याच्या याद्या बनत होत्या. सोळा वर्षांच्या मुलांच्या याद्या.

पुढे काय झालं ते पाहा. अमरजित जून २०१९ मध्ये मुख्य राष्ट्रीय संघातून खेळला. मग दुखापती आल्या, जमशेदपूर, गोवा, ईस्ट बंगाल, पंजाब असे क्लब बदलत गेले आणि निळ्या जर्सीत त्याला जम बसवता आला नाही. जिक्सन आणि सुरेश वांगजम मात्र तिथे रुळले. त्याच संघातला बचावपटू अन्वर अली याच्या हृदयात दोष निघाला. महासंघाने त्याला खेळू नको म्हणून सांगितलं, तो न्यायालयात गेला, पुन्हा मैदानावर आला आणि आज देशाच्या पहिल्या फळीतला बचावपटू म्हणून त्याचं नाव घेतात. २०१७ च्या कोणत्या यादीत हे लिहिलेलं होतं? हृदयाचा तो दोष तर खुद्द अन्वरलाही ठाऊक नव्हता.

कोणी म्हणेल, अंदाज चुकला तर चुकला, बोलण्यात कोणाचं काय जातं. जातं. ज्याच्याविषयी बोलतो त्या मुलाच्या हातातही मोबाईल असतो. जे शब्द पूर्वी टपरीच्या आडोशाला विरून जायचे ते आज रात्रीतून त्याच्या उशाशी पोचतात. मासे विकणाऱ्या आईच्या मुलाला एक दिवस आपण देशाचं भविष्य म्हणतो, दोन वर्षांनी त्यालाच ओझं म्हणतो. या दोन्ही वेळी त्याने आपल्याला काहीच विचारलेलं नसतं. व्यावसायिक फुटबॉल खेळून तो पोट भरतोय, घर चालवतोय. आपल्याकडे किती घरांत पोराने एवढं केलं की पेढे वाटले असते! पण त्याला आपण मापतो ते आपणच फुगवलेल्या आकाराशी.

अस्तम उरांवची गोष्ट मला याहून जड वाटते. २०२२ मध्ये मुलींचा सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला आणि झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली ही आदिवासी मुलगी कर्णधार झाली. ती बचावपटू. उटनूर-इंद्रवेल्लीकडच्या आपल्या गोंड-कोलाम पाड्यांवरून तिचं गाव डोळ्यांपुढे आणायला मला फारसे कष्ट पडले नाहीत. ती कर्णधार झाल्यावर तिच्या गावाला रस्ता करायचं शासनाने मनावर घेतलं. त्या रस्त्याच्या कामावर मजूर कोण होते? तिचे आईवडील. मुलीच्या नावाने होणाऱ्या रस्त्यावर आईबाप रोजंदारीने माती टाकत होते, कारण चूल त्या रोजंदारीवर चालत होती. ही बातमी तेव्हा देशभर छापून आली.

आता त्या संघाच्या तयारीचं वर्ष पाहा. २०२० साली व्हायची स्पर्धा कोविडमुळे रद्द झालेली, म्हणजे आधीच्या मुलींचं वय निघून गेलेलं आणि नवा संघ घडवायचा. युरोपच्या दौऱ्यात एका सहायक प्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या तक्रारीवरून परत बोलावून काढून टाकावं लागलं. ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय महासंघालाच निलंबित केलं. स्पर्धा दोन महिन्यांवर असताना ती आपल्याकडे होणार की नाही तेच कळेना. निलंबन महिनाअखेरीला उठलं. हा सगळा मोठ्या माणसांचा घोळ होता. ११ ऑक्टोबरला भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर त्या मुली अमेरिकेसमोर उभ्या राहिल्या आणि ८-० अशा हरल्या. मग मोरोक्कोकडून ३-०, ब्राझीलकडून ५-०. तीन सामने, सोळा गोल अंगावर, एकही करता आला नाही. आणि लगेच सुरू झालं: कर्णधारात दम नाही, या मुलींचं पुढे काही खरं नाही.

अमेरिकेत लहानपणापासून मुली क्लबांतून, शाळांतून खेळत येतात. आपल्या मुलींनी तोवर असे किती सामने खेळले होते? त्यांच्या राज्यात त्यांच्या वयाची सलग चालणारी स्पर्धा होती का? शिबिराआधी त्यांच्या ताटात काय असायचं? ८-० चा जाब द्यायला ज्यांनी उभं राहायला हवं होतं त्यांच्यातलं कोणीच दंडावर पट्टी बांधून मैदानात नव्हतं. पट्टी बांधली होती एका पोरीने. हे लिहितानाही मला राग येतो आणि तो मला लपवायचा नाही.

आपल्या काळ्या मातीतल्या माणसाला खरं तर हे शिकवावं लागू नये. पऱ्हाटीला पातेगळ लागली म्हणून कोणी शेतकरी झाड उपटत नाही. आधी तो ओल पाहतो, खत पाहतो, पावसाचा खंड किती दिवसांचा पडला ते मोजतो. झाडाच्या औकातीवर तो भाषण देत नाही.

एक आक्षेप मला मान्य आहे. पंचविशी ओलांडलेला, कोट्यवधी कमावणारा, ज्याच्यामागे वैद्य, आहारतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ असा ताफा आहे, अशा कर्णधाराला झुकतं माप कशाला? नकोच द्यायला. त्याचा फॉर्म गेला असेल तर तसं तोंडावर म्हणा, संघाबाहेर बसवा म्हणा. तो त्या कामाचे पैसे घेतो. माझं म्हणणं वयाचं आणि साधनांचं आहे. जितकं वय कमी आणि मिळालेलं तोकडं, तितकी आपली जीभ आवरती हवी. आपण नेमकं उलटं करतो. ओडेगार्डच्या बाजूने बोलणारे टपरीवर दोघे तरी निघतात, अस्तमच्या बाजूने कोणी नसतं.

घडवणं म्हणजे काय असतं ते पाहायला आपल्याला लांब जावं लागत नाही. आदिलाबाद ज्या जुन्या हैदराबाद राज्यात होतं त्याच राज्याच्या राजधानीत सय्यद अब्दुल रहीम नावाचा एक शाळामास्तर होता. 'मैदान' सिनेमामुळे हे नाव आता घरोघरी पोचलंय. त्यांच्या हाताखालच्या हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स चषक नेला. १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदकं, १९५६ च्या ऑलिंपिकमधला चौथा क्रमांक, हे सगळं त्यांच्याच प्रशिक्षणाखाली. १९६२ ला जकार्तात कर्णधार होता चुनी गोस्वामी, वय चोवीस. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला २-० ने हरवलं. टपरीवर तेव्हा मोबाईल असते तर त्या रात्री चुनीची पट्टी निघाली असती. रहीमसाहेबांनी पट्टी काढली नाही. पुढच्या सामन्यांत त्यांनी जागा बदलल्या. डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंगला बचावातून उचलून आघाडीला नेलं आणि ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात त्याच कोरियाला २-१ ने हरवलं. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नेलचा. रहीमसाहेब तेव्हा कर्करोगाने पोखरलेले होते. पुढच्या जूनमध्ये ते गेले.

मला त्यांच्या पदकांहून त्यांच्या मुलांच्या स्पर्धा जास्त भावतात. हैदराबादेत ते पोरांसाठी अशी स्पर्धा भरवायचे की ज्यात चेंडू फक्त कमजोर पायाने मारायचा. दुसरी अशी की ज्यात चेंडू घोळवायचाच नाही, आला की पास द्यायचा. उंचीप्रमाणे गट पाडून लहानग्यांच्या स्पर्धाही होत. कोणता पोरगा पुढे चमकेल याची त्यांनी यादी केली नाही. पोरांना खेळायला कारण दिलं आणि चुकायला जागा दिली. डावा पाय ज्याचा कच्चा आहे तो त्या दिवशी सगळ्यांसारखाच कच्चा.

आदिलाबादेत इंदिरा प्रियदर्शिनी स्टेडियम आहे, क्रीडा शाळा आहे, आसपास आश्रमशाळांत काटक पोरंपोरी आहेत. टपरीवरच्या पोरांना मी एक सुचवतो. कापूस वेचणी उरकली की जानेवारीत, नागोबाच्या जत्रेच्या आगेमागे, एका रविवारी रहीमसाहेबांच्या नावाने कमजोर पायाची स्पर्धा ठेवू. बारा वर्षांखालची मुलं आणि मुली. प्रत्येक संघाने आपला कर्णधार मतदानाने निवडायचा. सामनावीर नाही, उद्घाटनाला कोणी मोठा माणूस नाही. नाश्ता, पाणी, दोन शिट्ट्या, चार चेंडू आणि येण्याजाण्याचं भाडं एवढा खर्च. त्यातला माझा वाटा मी देतो. रेघा मारायला आणि पंच म्हणून उभं राहायला तुम्ही या. फुटबॉल तुम्हाला कळतो, हे मी टपरीवर ऐकलेलंच आहे.