चेंडू जमिनीला टेकायच्या आत

कागद ओला करायच्या आधी पंखा बंद करा. सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४३ अंशांपर्यंत चढतो, आणि पंख्याखाली जलरंगाचा कागद इतक्या लवकर सुकतो की रंग पसरायच्या आतच त्याच्या कडेला रेघ धरते. म्हणून ही बैठक पहाटेची. ऊन भिंतीवर येईपर्यंत तास-दीड तास मिळतो, तेवढा पुरे. जुनी सोलापुरी चादर चौघडी करून खाली घ्या, पाण्याचे दोन डबे जवळ ठेवा, पेन्सिलीला टोक करा. मोबाइल दुसऱ्या खोलीत राहू द्या. समोर चित्र ठेवून उतरवायचं नाही, आधी आठवायचं आहे.

ज्याला आठवायचं तो खेळाडू जपानी ॲनिमेतला. तुमचा कदाचित ‘स्लॅम डंक’मधला असेल, ‘ब्लू लॉक’मधला असेल. माझा ‘हाइक्यू’मधला आहे, आणि तिथं मला माझी भाची घेऊन गेली. हारुइची फुरुदाते यांची ही व्हॉलीबॉलची चित्रकथा २०१२ ते २०२० या काळात साप्ताहिकातून येत होती. तिचे ४५ खंड झाले, आणि २०१४ मध्ये तिची ॲनिमे मालिका सुरू झाली. कारासुनो नावाची शाळा, काळा-नारिंगी पोशाख, एके काळी गाजलेला आणि पुढं मागं पडलेला संघ. एवढं पुरे, गोष्ट सांगायला आपण बसलेलो नाही.

डोळे मिटा. तुमच्या लाडक्या खेळाडूला येऊ द्या. पहिल्यांदा काय येतं, एवढंच बघा. बहुधा केस येतील. हिनाताचे विस्कटलेले नारिंगी केस, कागेयामाचे सरळ काळे, निशिनोयाच्या कपाळावरची ती सोनेरी बट. ही पात्रं केसांच्या कडेवरूनच ओळखू येतात, चेहरा कोरा ठेवला तरी. आपल्या जिल्ह्याला असं ओळखणं नवं नाही. पंढरपूर इथून सत्तरएक किलोमीटर. कमरेवर दोन हात आणि पायाखाली वीट काढली की नाक-डोळ्यांची वाट न बघता लहान पोरही म्हणतं, विठोबा. ज्या आकृतीवर पुष्कळांचा जीव जडतो, तिला काळाच्या ओघात अशी एक बाह्यरेषा मिळते की ती कुणाच्याही हातून उतरावी. तुमच्याही हातून उतरेल. केस काढा. मग पेन्सिल खाली ठेवा.

आता विचारा: हा काय करतो आहे?

जवळजवळ प्रत्येकाचं पहिलं चित्र उडीचं असतं. जाळ्याच्या वर गेलेला देह, मागं ताणलेला हात, चेंडूवर रोखलेले डोळे. मालिकाही तिथंच थबकते. मागचं मैदान पुसून जातं आणि हवेत एकटा खेळाडू उरतो. ते चित्र मनात आलं असेल तर काढून घ्या, मोकळे व्हा. सुंदर असतं ते. पण माझं आजचं मागणं दुसऱ्या कागदासाठी आहे. त्या कागदावर चेंडू मारणारा नको, चेंडू घेणारा हवा.

चेंडू हातात धरून ठेवायचा नाही आणि जमिनीला टेकू द्यायचा नाही, हा या खेळाचा पाया. तीन स्पर्शांत तो पलीकडे गेला पाहिजे. त्यातला पहिला स्पर्श करणारा पुष्कळदा गुडघ्यावर किंवा पोटावर असतो. दुसरा उंच उडतो तेव्हा हा अजून उठत असतो. कारासुनोत ते काम निशिनोयाचं. तो लिबेरो आहे. हे स्थान आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉलमध्ये १९९८ साली आलं. लिबेरोनं फक्त मागं खेळायचं, अडवायला जाळ्यापाशी उडी घ्यायची नाही, जाळ्याच्या उंचीवरून मारायचं नाही. त्याचा पोशाखही वेगळ्या रंगाचा. काळ्या संघात हा एकटा नारिंगी.

त्याला काढायच्या आधी उठा आणि मोकळ्या फरशीवर त्याच्यासारखे उभे राहा. पाय खांद्यांपेक्षा रुंद, गुडघे वाकलेले, टाचा किंचित उचललेल्या. हात पुढं, कोपरं सरळ, एका पंज्यात दुसरा पंजा. वजन कुठं आहे? पुढच्या चवड्यांवर. मांड्या भरून येतील. येऊ द्या, थोडा वेळ तसेच राहा. हात कसे काढावेत हे मला पुस्तकांनी कधी नीट सांगितलं नाही, त्या भरून आलेल्या मांड्यांनी सांगितलं. आपल्याकडं शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना स्मरणचित्राचा पेपर असतो. मैदानावरची मुलं काढायला आली की आपण सगळे तीच युक्ती करायचो: हात पाठीमागं, पाय गवतात. इथं ती युक्ती चालत नाही. लिबेरो म्हणजेच हात आणि पाय.

हात जमत नसतील तर त्यांच्याकडं बघायची सोय या गावात मुबलक आहे. पूर्व भागातल्या कुठल्याही गल्लीत दुपारी उंबऱ्यावर बसून विड्या वळणाऱ्या बायका दिसतात. मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं आणि तंबाखू. बोटं चालू असतात आणि बाई शेजारणीशी तेलुगूत बोलत असते, हाताकडं बघतही नाही. अंगठा कुठं दाबतो, करंगळी कुठं दुमडते, मनगट किती थोडं वळतं, हे तिथं शिकता येतं. पण बाईंना विचारून बसा, आणि काढलेलं चित्र त्यांना दाखवा.

आता तो लोळण घेतानाचा क्षण. निशिनोया चेंडूखाली झेपावतो, हातांवर घेतो, खांद्यावरून लोळण घेऊन पुन्हा पायांवर येतो, आणि वर त्या युक्तीचं नाव मोठ्यानं ओरडतो. संघातले हसतात, आपणही हसतो. पण लोळणीची रेघ सावकाश काढा. खांदा, पाठ, कंबर, पाय, अशी ती एका वळणात उतरते. ही रेघ फुरुदात्यांच्या आधीची आहे.

ओसाकाजवळ कैझुका नावाच्या गावी निचिबो कंपनीची सूतगिरणी होती. तिथल्या मुलींचा व्हॉलीबॉलचा संघ होता. दिवसा कंपनीचं काम, दुपारनंतर सराव, आणि तो मध्यरात्रीपर्यंत. प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सू त्यांना चेंडूमागून चेंडू मारत, आणि पडलेल्या मुलीला पुढच्या चेंडूसाठी लगेच उभं राहता यावं म्हणून या संघानं लोळण घेत चेंडू घ्यायची पद्धत घटवली. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानच्या संघात बहुतेक मुली याच गिरणीच्या होत्या. मासाए कासाई कर्णधार. २३ ऑक्टोबरला त्यांनी सोव्हिएत संघाला हरवून सुवर्णपदक घेतलं. महिलांचं व्हॉलीबॉल ऑलिंपिकमध्ये आलं तेच त्या वर्षी. जपानमध्ये दूरचित्रवाणीवर त्या सामन्याचं प्रेक्षकमान ६६.८ टक्के होतं. चारच वर्षांत चिकाको उरानो यांची ‘अटॅक नंबर वन’ ही मुलींच्या व्हॉलीबॉलची चित्रकथा आली आणि १९६९ मध्ये तिची ॲनिमे. तुमच्या कागदावरच्या लोळणीची रेघ तिथून निघाली आहे, सूतगिरणीच्या अंगणातून.

दाइमात्सूंच्या सरावाची कठोरता मला पचत नाही, तेव्हाही अनेकांनी तिच्यावर टीका केली होती. त्या मुलींचं कसब मात्र त्यांचं स्वतःचं होतं.

इथं थोडं थांबा. सोलापूरकरानं हे वाचून सरळ पुढं जाऊ नये. आपली जुनी गिरणी, ‘शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग’, १८७० च्या दशकातली. पुढं नरसिंग गिरजी आली, लक्ष्मी-विष्णू आली. भोंग्यावर गाव उठायचं. आता भोंगे नाहीत. सूतगिरणीत काम करणारा देह कसा दमतो हे इथल्या किती घरांना आजी-आजोबांच्या गुडघ्यांवरून ठाऊक आहे! त्या जपानी मुलीही गिरणीतला दिवस संपवून मैदानावर उतरत होत्या. मी हे कळल्यापासून निशिनोयाच्या पाठीचा रंग वेगळा लावते. नारिंगीच, पण खांद्यापाशी त्यात थोडा तपकिरी, जिथं फरशी घासली असेल तिथं.

रंग लावताना मनात एक शंका येईल. कुणीतरी आधीच रंगवलेलं पात्र आपण पुन्हा का रंगवायचं? शंकेला बाजूला बसवा आणि पंढरपुरात १९१५ साली जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांना आठवा. तरुणपणी त्यांनी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवले. नंतर जगभर नाव झालं. आणि ऐंशीच्या घरात आल्यावर ‘हम आपके हैं कौन’ पुन:पुन्हा पाहून त्यांनी माधुरी दीक्षितची चित्रमालिका केली, २००० साली तिला घेऊन ‘गजगामिनी’ काढला. इतक्या मोठ्या चित्रकाराला चाहता व्हायला कमीपणा वाटला नाही. आपल्यालाही वाटू नये.

पहिला हात सुकतोय, तोवर बोला. आवडत्या पात्राबद्दल बोलणं हा या बैठकीचा अर्धा भाग आहे. एकट्यानं रंगवणाऱ्यानं कुणाला तरी बोलावून घ्यावं. मी भाचीला हाक मारते. ती येते, माझ्या कागदाकडं बघते आणि म्हणते, “मावशी, तू परत निशिनोयालाच रंगवायलीस?”

तिचा यामागुची. मला सुरुवातीला तो नीट आठवायचाही नाही: चेहऱ्यावर ठिपके असलेला, राखीव बाकावरचा उंच मुलगा. पहिल्या वर्षाच्या मुलांपैकी सुरुवातीच्या संघात न घेतलेला तो एकटा. गावातल्या एका दुकानदाराकडून तो तरंगती सर्व्हिस शिकतो. भर सामन्यात त्याला फक्त एका सर्व्हिससाठी मैदानावर पाठवतात, आणि चेंडू जाळ्यात जातो. पुढच्या एका सामन्यात तो घाबरून साधी, सुरक्षित सर्व्हिस करतो आणि स्वतःवर चिडतो. त्यानंतर कधीतरी ती सर्व्हिस साधते.

ती सांगत असताना मध्ये बोलू नका. ‘का आवडतो’ असंही विचारू नका. त्या प्रश्नाला मुलं शाळेतल्यासारखं उत्तर देतात. ‘त्याचा कुठला क्षण?’ असं विचारा. मी विचारलं तेव्हा मला वाटलं होतं, सर्व्हिस साधते तो. ती म्हणाली, “नाही. बाकावरनं उठून लाइनपर्यंत चालत जातो बघ, ते.”

तेवढं चालणं. पडद्यावर काही सेकंदांचं. माणसानं आपल्यासमोर कुठला क्षण ठेवला आहे, ते ऐकून घ्या आणि त्यावर लगेच काही म्हणू नका. मी गप्प बसले आणि माझ्या निशिनोयाकडं पाहिलं. मलाही तो झेपावण्याआधी वाकून उभा असतो तेव्हाचाच आवडतो हे मला तिच्या उत्तरामुळं उमगलं. सुगावारा आवडणारे लोकही असेच. तिसऱ्या वर्षात असून पहिल्या वर्षाच्या कागेयामाला जागा द्यावी लागलेला सेटर, म्हणजे मारणाऱ्यासाठी चेंडू वर काढून देणारा, जो बाकावरून सगळ्यांच्या चुका आणि गुण बघत राहतो. खुद्द हिनाता, मालिकेचा नायक, एका सराव शिबिरात बोलावणं नसताना जातो आणि चेंडू उचलणारा पोऱ्या होऊन राहतो. तिथं त्याला पहिल्यांदा खेळ दिसतो. फुरुदात्यांनी हे मन लावून केलं आहे. गुणफलक ज्याच्यापाशी थांबत नाही, त्याच्यापाशी त्यांची पेन्सिल थांबते. आपला ब्रशही थांबू शकतो, आणि पडद्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ.

दुसरा हात द्या. सावल्या आता. चवड्यांखालची सावली गडद, टाचेखाली फट. ती फट बुजवू नका, तिथूनच तो झेपावणार आहे.

तिसरा कागद संध्याकाळी घ्या, तो बरोबर घेऊन खो-खोच्या मैदानावर जा. जपान्यांनी आपला खेळ एकदा काढलेला आहे: १९६० च्या दशकातली त्यांची बेसबॉलची ‘क्योजिन नो होशी’ २०१२ मध्ये मुंबईतल्या क्रिकेटची ‘सूरज: द रायझिंग स्टार’ होऊन आपल्या दूरचित्रवाणीवर आली. खो-खोपर्यंत मात्र माझ्या माहितीत अजून कुणी पोचलेलं नाही, आणि तो तर या जिल्ह्याचा खेळ. माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरसारख्या गावात मुलींच्या खो-खोचं वेड जुनं आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, तेव्हा पुरुषांचा आणि महिलांचा असे दोन्ही भारताकडं आले. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे.

धावणारी नका काढू, खांबाला वळसा घालणारीही आज नको. मध्यपाटीत उकिडव्या बसलेल्या आठ जणींपैकी एक निवडा. एकीचं तोंड इकडं, शेजारणीचं तिकडं. मागून पाठीवर थाप आणि ‘खो’ पडेपर्यंत तिला उठता येत नाही, आणि पडला की क्षणही दवडता येत नाही. बोटं मातीला टेकलेली, चवड्यांवर भार, मान थोडी कलती. कान मागं आहेत हे मानेवरूनच दाखवावं लागेल. वाकून उभ्या लिबेरोनं तुम्हाला हे अर्धं शिकवून ठेवलं आहे.

भाचीनं वहीत असा एक संघ मांडायला घेतला आहे. नऊ जणी, पोशाख काळपट निळा आणि हळदीचा पिवळा. नावं ठरायची आहेत. मधल्या चौकोनातली कशी असावी यावर आमचं एकमत होत नाही. मला ती ठेंगणी, केस करकचून बांधलेली हवी आहे. भाचीला ती उंच हवी, ठिपक्यांची, आणि पहिल्या सामन्यात खो ऐकू न आलेली.