आचार एकाचा, भार कोणाचा?

आचारधर्म पाळणारे पुरुष दोन प्रकारचे असतात. एकाने अनुसरण घेऊन सर्व संबंधांचा त्याग केलेला असतो. त्याच्या काळावर कोणा धन्याची सत्ता चालत नाही. दुसरा संसारात राहून चाकरी करतो. दिवसाचे काही प्रहर त्याने वेतनाच्या मोबदल्यात दुसऱ्याच्या स्वाधीन केलेले असतात. पहिल्याच्या आचारास विघ्न येते ते बहुधा त्याच्याच विकारविकल्पांचे. दुसऱ्यापुढे मात्र निराळा प्रश्न उभा राहतो. दिलेल्या काळातच व्रताचा काळ आला तर त्याने काय करावे? आणि त्याच्या व्रतासाठी धन्याने व सोबत्यांनी किती सोसावे?

या प्रश्नाचा सूक्ष्म ऊहापोह अमेरिकेतील न्यायालयांत झाला आहे. तेथील १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्याने धर्मावरून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली. १९७२ मध्ये त्यात अशी भर पडली की, सेवकाच्या धर्माचरणास मालकाने वाजवी सवलत द्यावी. मात्र तीमुळे व्यवसाय चालविण्यात अवाजवी अडचण येत असेल तर तो बांधील नाही. ही दुरुस्ती मांडणारे सिनेटर जेनिंग्ज रँडॉल्फ स्वतः शनिवारी विश्राम पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे होते.

परंतु 'अवाजवी' कशास म्हणावे? १९७७ मध्ये हार्डिसन खटल्यात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. कॅन्सस सिटी येथील विमानदुरुस्तीच्या तळावरील एका कर्मचाऱ्याचा पंथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत काम निषिद्ध मानणारा होता. तळ अहोरात्र, वर्षभर चाले. पाळ्यांची निवड सेवाज्येष्ठतेनुसार होई. त्याने दुसऱ्या इमारतीत बदली घेतली, तेथे तो ज्येष्ठतेत खाली गेला आणि शनिवार त्याच्या वाट्यास आला. ज्येष्ठांचा हक्क मोडण्यास कामगार संघटना तयार झाली नाही. शेवटी त्याची नोकरी गेली. नाममात्राहून अधिक खर्च सोसावा लागणे हीच मालकाची अवाजवी अडचण, असे न्यायालयाने म्हटले. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी याविरुद्ध मत नोंदविले.

पुढे सेहेचाळीस वर्षांनी, २०२३ च्या जून महिन्यात, ग्रॉफ विरुद्ध डीजॉय या खटल्यात तोच प्रश्न पुन्हा आला. पेन्सिल्व्हेनियातील एक टपालवाटप करणारा सेवक रविवार हा ईश्वराचा वार मानून काम करीत नसे. टपाल खात्याने अमेझॉन कंपनीची पार्सले रविवारी पोचविण्याचे पत्करल्यावर त्याने रविवारचे वाटप नसलेल्या लहान कार्यालयात बदली मागून घेतली. काही काळाने तेथेही ते सुरू झाले. मग त्याचे रविवार इतरांच्या अंगावर पडले. प्रसंगी पोस्टमास्तरासही पार्सले वाटावी लागली. त्याच्यावर क्रमाक्रमाने शिस्तीची कारवाई झाली व अखेर त्याने राजीनामा दिला. न्यायालयाने एकमताने सांगितले की, नाममात्र खर्चाची सबब पुरेशी नाही. व्यवसायाचे एकंदर स्वरूप पाहता भार लक्षणीय असला पाहिजे. तसेच, सहकाऱ्यांना कोणाचा धर्म आवडत नाही, ही गोष्ट त्या भारात धरता येणार नाही. हा निकष लावून पुन्हा विचार करण्यासाठी खटला खालच्या न्यायालयाकडे परत गेला.

येथे शंका उद्भवते : नोकरी स्वेच्छेने पत्करली आहे, आचार पाळणे अशक्य वाटले तर ती सोडावी, धन्यास का शिणवावे? याचे समाधान असे. टपाल खात्यातील तो सेवक नोकरीस लागला तेव्हा त्याच्या कामात सहसा रविवार नव्हता. अट मागाहून बदलली. शिवाय पोट आणि व्रत यांपैकी एकच निवड, असे ज्यास सांगितले जाते त्याची निवड स्वतंत्र म्हणता येत नाही. म्हणून धन्याने काही सोसणे हा उपकार नव्हे, न्याय आहे.

दुसरी शंका याहून कठीण आहे. सवलत धनी देतो खरा, पण रविवार जातो सोबत्याचा. त्यालाही लेकरे असतात. कदाचित त्याचाही तोच पवित्र वार असतो. व्रताचे पुण्य एकाने घ्यावे आणि श्रम दुसऱ्याने करावेत, हे कसे? याचे पूर्ण उत्तर कायद्यात सापडत नाही. न्यायालयाने परस्परसंमतीने पाळ्या बदलण्याच्या मार्गाचाही विचार व्हावा असे सुचविले; परंतु संमती हुकुमाने मिळत नाही. धन्याने काय द्यावे एवढेच कायदा ठरवितो. घेणाऱ्याने कसे घ्यावे, हे घेणाऱ्याच्या विवेकावर राहते.

या भेदाचा उपयोग आपल्याकडील उपदेशी नोकरदारांसही आहे. कचेरीत सत्यनारायणाची पूजा होते, वर्गणी मागितली जाते, प्रसाद पुढे येतो. अनन्यभक्तीमुळे तो नम्रपणे नाकारणारा वासनिक कोणाच्याही माथी काम टाकीत नाही. तेथे इतरांस वाटते ती केवळ नाराजी. नाराजी म्हणजे भार नव्हे. ती त्याने शांतपणे सोसावी आणि इतरांनीही मनात धरू नये. पर्वकाळी रजा घेतली असता मात्र गोष्ट निराळी. त्या दिवशी त्याची पाळी कोणीतरी करतो. तो दिवस हे ऋण आहे. दिवाळीत, ईदेस वा नाताळात त्या सोबत्याचे काम आपण होऊन अंगावर घेणे, आणि तेही त्याने मागण्यापूर्वी, ही त्या ऋणाची फेड होय.

अहिंसा म्हणजे केवळ शस्त्र न उचलणे नव्हे. आपल्या आचारामुळे दुसऱ्यावर कोणता शीण येतो, हे न पाहणे हाही तिचा भंगच होय. तात्पर्य, धन्याने सेवकाचे व्रत हलके लेखू नये आणि व्रतस्थाने सोबत्याचे श्रम हलके लेखू नयेत. यांपैकी पहिली गोष्ट न्यायालय करवून घेऊ शकते. दुसरी ज्याची त्यानेच केली पाहिजे.