औषध म्हणू नका, विष म्हणा



वर्षावासात वाशिम, मंगरूळपीर, मानोऱ्याकडील विहारांतून संध्याकाळी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. सोयाबीन-कपाशीच्या फवारणीचेही हेच दिवस. दिवसा पाठीवर पंप आणि संध्याकाळी कानी धम्म. या दोहोंचा संबंध काय, ते आज पाहू.

फवारणीच्या बाटलीवर एक तिरपा चौकोन छापलेला असतो. त्याचा खालचा अर्धा भाग लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली १९७१ साली जे नियम झाले, त्यांनी हे चिन्ह सक्तीचे केले. हा रंग कशावरून ठरतो, याचा विचार तुम्ही कधी केला आहे काय? तो ठरतो प्रयोगशाळेतील उंदरांच्या मरणावरून.

उंदरांना तोंडावाटे विष देतात आणि किती मात्रेने निम्मे उंदीर मरतात ते पाहतात. ही मोजणीची रीत ट्रेवन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९२७ साली मांडली. वजनाच्या दर किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेने निम्मे मेले, तर रंग लाल. ५१ ते ५०० ला पिवळा, ५०१ ते ५००० ला निळा, त्यापुढे हिरवा. माणूस म्हणजे उंदीर नव्हे. तरी हाच हिशेब ५० किलोच्या माणसाला लावून पाहा. लाल रंगाचे विष फार तर अडीच ग्रॅम होते. एक चमचाही नाही!

तुम्ही विचाराल, पहिले शील घेतलेल्याने या प्रयोगांना काय म्हणावे? बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. गरज खरी आहे का, हे दर वेळी बुद्धीने तपासावे लागते. शास्त्रज्ञांनीही ते तपासले. पुष्कळ उंदीर मारणारी जुनी चाचणी २००२ साली आंतरराष्ट्रीय नियमावलीतून काढून टाकण्यात आली. नव्या रीतींत थोडक्या जनावरांवर काम भागते. गरज कमी करता येते तेथे ती कमी करणे, हीच करुणा.

पण बंधूंनो, ज्या माहितीसाठी ते मुके जीव गेले, ती आपण वाचतच नाही! मग त्यांचे मरण व्यर्थ गेले आणि आपले मरण उंबरठ्यावर आले. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातील तेलात मोनोक्रोटोफॉस मिसळले गेले आणि २३ मुले मेली.

आणखी एक ध्यानात ठेवा. वर सांगितलेले आकडे विष गिळण्याचे आहेत. फवारताना विष अंगावर पडते, श्वासातून आत जाते. दोन बाटल्या एकत्र केल्या, तर त्या मिश्रणाचा रंग कोणत्याही बाटलीवर छापलेला नसतो. हिरवा रंग म्हणजे अभय नव्हे.

आपण या विषाला 'औषध' म्हणतो. येथूनच घात सुरू होतो. औषध म्हटले की माणूस उघड्या हाताने ढवळतो, रिकामा डबा धुऊन घरात पाणी भरायला ठेवतो. सम्यक वाचा म्हणजे वस्तूला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणे. तथागतांनी उपासकाला विषाचा व्यापार वर्ज्य सांगितला. मग त्याच विषाचे नाव गोड करून ते मुलाबाळांत का ठेवावे?

रोजाने फवारणीला जाणाऱ्याला मालक बाटली दाखवत नाही, हे मी जाणतो. तरी मागा. 'रंग कोणता, ते आधी दाखवा,' एवढे म्हणा. हातमोजे मागा, तोंडाला बांधायला मागा, वाऱ्याच्या तोंडावर फवारू नका. एकट्याला हे बोलणे जड जाते, म्हणून विहारातून दहाजण मिळून बोला. घरातल्या शिकलेल्या मुलीला बाटलीवरचा कागद मोठ्याने वाचायला लावा. शिका, असे बाबासाहेब सांगत, ते अशा वेळीही उपयोगी पडावे म्हणूनच.

उंदराला कोणी विचारले नव्हते. तुम्हाला तोंड आहे. विचारा.