ब्रेक लावला की ब्रेक लागला?

मराठीत ब्रेकला दोन क्रियापदं मिळाली आहेत. गाडी वेळेवर थांबली तर चालवणारा सांगतो, ‘मी ब्रेक लावला.’ थांबली नाही तर तोच माणूस सांगतो, ‘ब्रेक लागलाच नाही.’ पहिल्या वाक्यात माणूस कर्ता आहे. दुसऱ्यात ब्रेक कर्ता झाला आणि माणूस वाक्यातूनच उतरून गेला. यात खोटं बोलण्याचा हेतू नसतो. अपघातानंतर थरथरणाऱ्या माणसाचा अनुभव खरोखरच तसा असतो. पण पंचनाम्यापासून घरच्या बोलण्यापर्यंत पुढचा सगळा वाद या दोन क्रियापदांमधल्या अंतराचा असतो. हे कोणी केलं?

जोडलेल्या ब्रेकने हा प्रश्न आणखी अवघड केला. भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या प्रत्येक नव्या दुचाकीला, एबीएस (चाक अडकू न देणारी यंत्रणा) नसेल तर, असा ब्रेक सक्तीचा झाला. अशा स्कूटरवर डाव्या हाताचा लिव्हर दाबला की मागच्या चाकाबरोबर पुढच्या चाकाचाही ब्रेक काही प्रमाणात लागतो. मुलाला शाळेत सोडणारे, मंडईतून भाजी आणणारे हात हे रोज करतात. ज्या चाकाचा ब्रेक दाबलाच नाही तो लागला, तर तो लावला कोणी?

पाणिनीने अष्टाध्यायीत कर्त्याची ओळख एका शब्दावर बसवली आहे: स्वातंत्र्य. क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र, तो कर्ता. पण लगेच पुढच्या सूत्रात तो त्या कर्त्याला कामाला लावणाऱ्या प्रयोजकालाही जागा देतो. करणारा आणि करवणारा, दोघांचीही नोंद व्याकरणात आहे. गीतेचा अठरावा अध्याय आणखी पुढे जातो. कोणत्याही कर्माची तिथे पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधनं, वेगवेगळ्या चेष्टा म्हणजे हालचाली आणि पाचवं दैव. या पाचांपैकी फक्त स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याला नीट दिसत नाही, असंही तिथे स्पष्ट म्हटलं आहे. हे वाचून हात झटकायचे नसतात. आपल्याशिवाय आणखी कोण कोण कर्मात सामील आहे, ते शोधायचं असतं.

आणि ते शोधायला जुन्या स्पोर्ट्स टूरिंग मोटरसायकलीसारखी दुसरी चांगली जागा नाही.

स्पोर्ट्स टूरिंग म्हणजे वेगाने वळणं घेणारी, पण दिवसभर बसता येईल अशी, मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या घेऊन शेकडो किलोमीटर जाणारी गाडी. युरोप-अमेरिकेत या गाड्यांची चलती होती त्याच काळात त्यांच्यावर जोडब्रेकचे मोठे प्रयोग झाले, आणि आज त्या गाड्या सेकंड हँड बाजारात आहेत. प्रयोगांमागे ठोस कारण होतं. लॉस एंजेलिस भागातल्या नऊशेहून अधिक अपघातांची जागेवर जाऊन तपासणी करणाऱ्या हॅरी हर्ट यांचा अहवाल १९८१ साली आला. त्यात दिसलेलं चित्र असं: संकट समोर आल्यावर बहुतेक चालक पायाचा ब्रेक गच्च दाबून मागचं चाक घसरवतात आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरतच नाहीत. वाचण्यासाठी हाताशी वेळ असतो तो दोन सेकंदांहूनही कमी. ब्रेक लागताना गाडीचा भार पुढे येतो, त्यामुळे थांबवण्याचं मोठं काम पुढच्या चाकाकडेच असतं. म्हणजे नेमक्या त्या क्षणी माणूस चुकीच्या चाकावर विसंबतो. गीतेच्या यादीतली ‘साधनं’ आणि ‘हालचाली’ इथे अशा उघड्या पडतात.

मोटो गुझी या इटालियन कंपनीने १९७५ च्या ८५० टी-थ्रीवर, म्हणजे हा अहवाल येण्याच्याही आधी, याला दिलेलं उत्तर साधं होतं. पायाच्या पेडलने मागची डिस्क आणि पुढच्या दोन डिस्कपैकी एक, दोन्ही धरायच्या. हाताच्या लिव्हरकडे पुढची उरलेली एक. माणूस घाबरून पायच दाबणार असेल, तर पायालाच शहाणं करा, असा तो विचार.

होंडाचं उत्तर जास्त गुंतागुंतीचं आणि जास्त सुंदर आहे. १९९८ ची व्हीएफआर ८०० पाहावी. पुढच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्क पकडणाऱ्या चिमट्यात, तीन पिस्टन: बाहेरचे दोन हाताच्या लिव्हरचे, मधला पायाच्या पेडलचा. डावा कॅलिपर फोर्कला पक्का आवळलेला नाही. तो एका खिळीवर किंचित हलतो. लिव्हर दाबला की पॅड फिरत्या डिस्कला पकडतात, डिस्क कॅलिपरला आपल्यासोबत वर ओढते, आणि त्या ओढीने एक छोटा दुय्यम मास्टर सिलिंडर दाबला जातो. तिथून निघालेला दाब एका व्हॉल्व्हमधून गाळून मागच्या चाकापर्यंत जातो. मागचा ब्रेक लावायला लागणारं बळ इथे चालवणाऱ्याच्या बोटांचं नाही, चाकाच्या स्वतःच्या गतीचं आहे. उभ्या गाडीवर लिव्हर कितीही दाबला तरी हा दुय्यम सिलिंडर जागचा हलत नाही. अधिष्ठान आणि चेष्टा हे शब्द ज्याला कोरडे वाटत असतील त्याने हा कॅलिपर एकदा हाताने हलवून पाहावा.

२००१ च्या सुमारास बीएमडब्ल्यूने आर ११५० आरटीवर तिसरी वाट धरली. तिथे लिव्हर आणि पेडल दोन्ही, दोन्ही चाकांना ब्रेक लावतात आणि मध्ये विजेवर चालणारा पंप दाब वाढवतो. लिव्हरला नुसतं बोट लावलं तरी पंपाची घरघर ऐकू येते. इग्निशन बंद असताना हाच ब्रेक दगडासारखा होतो. बोटांची सारी ताकद लावून थोडाच लागतो. इथे प्रयोजक आणि कर्ता यांच्यामध्ये बॅटरीही येऊन बसली आहे.

आता प्रश्न जुन्या गाडीचा. भारतीय तत्त्वचिंतनात कर्मसिद्धांताच्या वादात दोन दोष वारंवार येतात. केलेलं कर्म फळ न देताच नाहीसं होणं, हा कृतनाश. न केलेल्या कर्माचं फळ पदरी पडणं, हा अकृताभ्यागम. बौद्धांच्या क्षणिकवादावर हेमचंद्रांसारख्या जैन आचार्यांनी हेच आक्षेप घेतले: प्रत्येक क्षणी माणूस निराळा असेल तर करणारा एक आणि भोगणारा दुसरा, असं होईल. सेकंड हँड मोटरसायकल घेणाऱ्याच्या बाबतीत हे अक्षरशः होतं. ब्रेक ऑइल बदलायचं राहिलं ते आधीच्या मालकाकडून. घाटात लिव्हर मऊ पडतो तो नव्या मालकाचा.

डॉट-फोर प्रतीचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषत राहतं. नवं असताना ते किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. लांब उतारावर कॅलिपर तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते, दाब पुढे देत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं असतं. साध्या गाडीत हे काम अर्ध्या तासाचं आहे. जोडब्रेकच्या गाडीत नळ्या, व्हॉल्व्ह आणि एअर काढायच्या जागा कितीतरी जास्त, आणि एअर काढण्याचा क्रमही ठरलेला. क्रम चुकला की हवा आत राहते. नेमक्या याच कारणाने ते काम टाळलं जातं.

दुर्लक्षाची दुसरी खूण त्या दुय्यम मास्टर सिलिंडरमध्ये सापडते. ऑइल परत यायची त्यातली वाट फार बारीक असते. ती गाळाने बुजली की दाब सुटत नाही, मागचा ब्रेक धरून राहतो, डिस्क तापते आणि अखेर चाक अडकू शकतं. अशाच रचनेच्या गोल्ड विंग जीएल १८०० या मॉडेलच्या सव्वा लाखाच्या आसपास गाड्या होंडाने २०११ च्या अखेरीस अमेरिकेत तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. चालवणाऱ्याने ब्रेक सोडलेला असतानाही मागचा ब्रेक लागलेला राहू शकतो आणि त्यातून आगही लागू शकते, हे कारण होतं. ‘लावला’ नाही, तरीही ‘लागला’.

अकृताभ्यागमाच्या आक्षेपाला बौद्धांचं उत्तर मिलिंदपञ्ह या ग्रंथात आहे, आणि ते या गाडीला चपखल बसतं. भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला एका दिव्याची गोष्ट सांगतो. माळ्यावर दिवा लावून एक माणूस जेवतो, त्या दिव्याने गवत पेटतं, गवताने घर, घराने गाव. गावकऱ्यांनी धरल्यावर तो म्हणतो, मी ज्या ज्योतीत जेवलो ती निराळी, गाव जाळणारी आग निराळी. राजा मान्य करतो की हा बचाव टिकत नाही, कारण दुसरी आग पहिल्या ज्योतीतूनच आली. सलग चालत आलेल्या प्रवाहाला बौद्ध संतान म्हणतात. मोटरसायकलीचा मालक बदलतो, आरसीवरचं नाव बदलतं, संतान बदलत नाही. आधीच्या मालकाचा दोष पुसला जात नाही, हे खरं. पण किल्ली हातात घेताच तो दिवा नव्या मालकाच्या माळ्यावर येतो.

काही अनुभवी चालकांना हे सगळं जोडकामच नको असतं. ते व्हीएफआरच्या नळ्या बदलून हाताचा ब्रेक पुढे आणि पायाचा मागे, असे वेगळे करून घेतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही. खडीवर किंवा अरुंद रस्त्यात गाडी हळू वळवताना मागचा ब्रेक हलका धरून तोल सांभाळायचा असतो. तिथे पुढचं चाकही पकडलं तर जड गाडी आडवी होते. होंडाने याच भीतीने पेडलच्या वाटेवर उशिरा उघडणारा व्हॉल्व्ह बसवला होता. २०१४ च्या व्हीएफआर ८०० एफमधून तर तिने जोडब्रेक काढूनच टाकले आणि फक्त एबीएस ठेवलं. तरीही जुन्या गाडीचे ब्रेक गॅरेजात तोडून वेगळे करणं चूक वाटतं. कॅलिपर, व्हॉल्व्ह आणि पिस्टनांची मापं एकमेकांना धरून ठरवलेली असतात. स्वातंत्र्य हवं म्हणून तो हिशोब मोडायचा, आणि नवा हिशोब मात्र करायचा नाही, याला पाणिनीच्या अर्थाने स्वातंत्र्य म्हणता येणार नाही.

बनारस हिंदू विद्यापीठात काही काळ तत्त्वज्ञान शिकलेले रॉबर्ट पर्सिग यांनी १९७४ साली मोटरसायकलच्या निगराणीवर जे पुस्तक लिहिलं, त्यात एक मित्र आहे. त्याची बीएमडब्ल्यू उत्तम आहे आणि तिच्या आत काय चालतं हे त्याला कळून घ्यायचंच नाही. हँडल सैल झालं तेव्हा बिअरच्या डब्याचा पत्रा कापून पाचर घालू, असं निवेदक सुचवतो. मित्राला ते अपमानास्पद वाटतं. जोडब्रेकची जुनी गाडी या मित्राने घेऊ नये. ज्याला ऑइलचा रंग पाहायचा नाही, ज्याच्या गावात त्या क्रमाने एअर काढणारा मेकॅनिक नाही, त्याने साधे वेगळे ब्रेक असलेली गाडी निवडावी. तिच्यात चुकायच्या जागा कमी आहेत. मागे माणूस आणि सामान घेऊन लांब जाणाऱ्याने, आणि गाडीचं पोट उघडून पाहण्याची आवड असणाऱ्याने, निगा राखलेली व्हीएफआर खुशाल घ्यावी. विजेच्या पंपाच्या जुन्या बीएमडब्ल्यूबाबत मात्र सर्व्हिसच्या पावत्या हातात नसतील तर सौदा करू नये. त्या पंपाचा संच फार महाग असतो.

दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूचा हार घालताना आपण तिला हात लावतो, फडकं घेऊन कोपरे पुसतो. गीतेच्या यादीतल्या साधनांची ही खरी भेट आहे. त्या दिवशी पुढच्या कॅलिपरमागे साचलेली काळी धूळही पुसली जावी आणि ऑइलच्या डबीच्या काचेत रंग पाहिला जावा. ताजं ऑइल फिक्या पिवळ्या रंगाचं असतं; चहासारखं दिसलं तर त्याचे दिवस भरले.

व्हीएफआर पाहायला जाल तेव्हा एकटे जाऊ नका. गाडी मेन स्टँडवर घ्या. एकाने मागचं चाक हाताने फिरवावं, दुसऱ्याने पुढचा डावा कॅलिपर वरच्या दिशेने जोरात ढकलावा. मागचं चाक थांबलं पाहिजे. कॅलिपर सोडताच ते पुन्हा मोकळं फिरलं पाहिजे. नाही फिरलं, तर त्या दिवशी पैसे देऊ नका.