पुढे पाठवलेली बाई

महाराष्ट्रात आता शंभरातली जवळपास पंचाण्णव बाळंतपणं दवाखान्यात होतात, असं २०१९-२१ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. २०१८-२० या काळात राज्यात लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. देशाचा आकडा ९७ होता. २००५ची जननी सुरक्षा योजना, गावोगावच्या आशाताई, २०१४पासून धावणारी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका या सगळ्यांचं यात श्रेय आहे आणि ते मोकळ्या मनानं द्यायला हवं. पण दवाखान्यात पोचलेल्या बाईला तिथून आणखी किती ठिकाणी पाठवलं, हे या आकड्यांत कुठेच दिसत नाही.

मेळघाटाचंच घ्या. धारणी तालुक्यातल्या एखाद्या कोरकू गावात कळा सुरू होतात. आशाताई बाईला प्राथमिक आरोग्य केंद्रात आणते. रक्तदाब वाढलेला असतो, किंवा बाळ आडवं असतं. सिझेरियनची सोय तिथं नसते, म्हणून धारणीचं रुग्णालय. तिथं त्या रात्री भूलतज्ज्ञ नसेल किंवा जुळणारं रक्त नसेल, तर अमरावतीचं जिल्हा स्त्री रुग्णालय, लोकांच्या तोंडी अजूनही ‘डफरीन’. दीडशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, त्यातला बराचसा जंगलातून आणि घाटातून. बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला आणि तो आटोक्यात आला नाही, तर बाई साधारण दोन तासांत जाऊ शकते. गाडी कितीही वेळेवर आली तरी हा हिशेब जुळत नाही.

थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी १९९४ साली तीन विलंबांची मांडणी केली: जायचं ठरवायला लागलेला वेळ, पोचायला लागलेला वेळ आणि पोचल्यावर उपचार सुरू व्हायला लागलेला वेळ. आपल्याकडे पहिल्यावरच तोंड भरून बोललं जातं. आदिवासी अडाणी, आधी भुमकाकडे, म्हणजे गावच्या वैदूकडे जातात, डॉक्टरवर विश्वास ठेवत नाहीत. हे बोलणं मला अन्यायाचं वाटतं. शेजारची सून तीन दवाखाने फिरून गाडीतच बाळंत झाली, हे ज्या घरानं पाहिलं, ते पुढच्या वेळी निघायला कचरलं तर त्याला अंधश्रद्धा कसं म्हणायचं? तिसऱ्या विलंबातूनच पहिला जन्मतो. म्हणून केवळ प्रबोधनाच्या फलकांनी तो जाणार नाही.

मग पहिल्याच टप्प्यावर, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, जे करता येतं, ते तिथंच व्हायला हवं. नायजेरिया, केनिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णालयांत बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३मध्ये आले. बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी ठेवायची, रक्त किती गेलं ते अंदाजानं न ठरवता मोजायचं, आणि ठरावीक खूण ओलांडताच सगळे उपचार एकदम सुरू करायचे. गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रानेक्झॅमिक ॲसिड, सलाइन, तपासणी. जीवघेण्या रक्तस्रावाचं प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी घटलं. यातलं बरंच काम प्रशिक्षित परिचारिका करू शकते. मात्र ऑक्सिटोसिन दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं, आणि केंद्रातली वीज पावसाळ्यात दोन दोन दिवस गेली तर फ्रिज नुसतं कपाट होतं. त्यामुळे सौर पॅनेल हाही माझ्या मते प्रसूतिसेवेचाच भाग आहे.

बाळ आडवं असेल, आधीचं सिझेरियन असेल, तर मात्र बाईनं आधीच दवाखान्याजवळ येऊन राहणं बरं. आदिवासी भागातली माहेरघर योजना त्यासाठीच आहे: केंद्राच्या आवारात खोली, जेवण, सोबतीला घरचं माणूस. कल्पना उत्तम. पण घरी दोन लेकरं आणि बकऱ्या आहेत, सोबत येणाऱ्या सासूची मजुरी बुडते आहे, आणि जिथं ती थांबणार तिथं सिझेरियन होतच नाही. अशा बाईला आठ दिवस आधी या म्हणायचं, तर ती खोली शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णालयाशेजारी हवी आणि सोबतीच्या माणसाला रोजची मजुरी मिळायला हवी.

दगावलेल्या मातेच्या मृत्यूची चौकशी होते. तीन ठिकाणी फिरून वाचलेल्या बाईला मात्र सहसा कुणी काही विचारत नाही. प्रत्येक तालुक्यानं दर महिन्याला अशा बायांची नोंद जाहीर करावी: कुठून कुठे पाठवलं, कुठल्या कारणानं, आणि त्या रात्री भूलतज्ज्ञ कुठे होता.